दगडावरची पहिली ओळ

आमच्या वरमाँटच्या डोंगरात कमी बोलणाऱ्याला शहाणा म्हणतात. त्या हिशेबानं कॅप्टन असाहेल थ्रॉल फारच शहाणा. धंदा गाडीची चाकं बनवायचा. यादवी युद्ध लागलं तेव्हा गावातली एकोणचाळीस पोरं घेऊन तो दक्षिणेत गेला आणि सतरा परत घेऊन आला. उरलेल्यांपैकी एकवीस मेले आणि एक पळाला, असं आम्ही बारा वर्षं धरून चाललो होतो. मेलेल्यांत माझा धाकटा भाऊ सायलस होता. तरी कॅप्टनला आम्हीच तीनदा राज्याच्या सभेत निवडून पाठवलं, कारण तिथं तो आमच्या पुलांबद्दल बोलायचा आणि बोलून झालं की खाली बसायचा.

पळालेला म्हणजे विधवा डॉर्कस प्रूइटचा लायमन. लढाई संपल्यावर हजेरीला त्यानं ओ दिली नाही. कुणीतरी त्याला ओढ्याकडे धावताना पाहिलं होतं. तीन दिवस वाट बघायची रीत होती, पण कॅप्टननं तिथल्या तिथं यादीत ‘पळाला’ लिहून टाकलं. ती यादी गावच्या चर्चमध्ये मोठ्यानं वाचली गेली. तेव्हापासून डॉर्कस शेवटच्या बाकावर बसायची. मीही तिला कधी पुढं बोलावलं नाही. माझा भाऊ मेला होता, तिचा पोरगा पळाला होता, आणि मला त्याचा राग होता.

मग एका हिवाळ्यात दुसऱ्या पलटणीतल्या एका माणसाचं पत्र कॅप्टनला आलं. त्यानं ओढ्याकाठी एक पोरगा पुरला होता. पोराच्या गळ्यात सहा जणांच्या पत्र्याच्या पाणबाटल्या होत्या, त्यातल्या एकीवर लायमनचं नाव. गाव कुठलं, ते शोधण्यात त्याची इतकी वर्षं गेली. पत्र वाचलं आणि कॅप्टनला आठवलं. जखमींना पाणी आण म्हणून लायमनला त्यानंच धाडलं होतं.

पक्षाची माणसं म्हणाली, राजधानीत गुपचूप कागद दुरुस्त करून घेऊ, सप्टेंबरात निवडणूक आहे. कॅप्टननं ऐकून घेतलं, डॉर्कसच्या दारात जाऊन तिला खरं ते सांगितलं, आणि तिनं दार लावून घेतल्यावर सह्या गोळा करत घरोघर फिरू लागला. सभागृहाच्या दारावर आधी डकवलेल्या सूचनेत नसलेला विषय आमच्या गावसभेत निघत नाही, आणि सूचनेत विषय घालायला सह्या लागतात. मी सही दिली नाही. युद्धाच्या स्मारकाचा दगड मीच घडवत होतो, आणि एकवीस नावं कोरून झाली होती.

मार्चमधल्या त्या मंगळवारी सभागृह ओल्या बुटांच्या वासानं भरलं होतं. कॅप्टन उभा राहिला.

“लायमन पळाला नव्हता. मी त्याला पाठवलं, मीच विसरलो आणि मीच खोटं लिहिलं. त्याचं नाव दगडावर पाहिजे.”

मी रागानंच उठलो.

“जागा नाही, कॅप्टन. दगड काठोकाठ भरलाय.”

“सगळ्यांत वर कुणाचं नाव आहे, एबेन?”

“तुमचं. मोठ्या अक्षरांत.”

“ते घासून टाक.”

सभापतीनं मत मागितलं. ‘हो’ म्हणणाऱ्यांनी उजव्या भिंतीशी जायचं, अशी आमची पद्धत. कॅप्टन गेला आणि एकटाच उभा राहिला. बायकांना मत नाही; त्या मागं जेवणाच्या हंड्यांपाशी होत्या. डॉर्कसनं हातातला डाव ठेवला, सगळी सभा ओलांडली आणि त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली.

“बाई, तुम्हाला मोजता येणार नाही,” सभापती म्हणाला.

“नका मोजू. यांना मी माफ केलेलं नाही. मी माझ्या पोरासाठी उभी आहे.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं. लढाईच्या त्या दिवशी सायलसही पोटात गोळी लागून पडला होता. सहा बाटल्यांपैकी एक त्याची असेल. मी उजव्या भिंतीशी गेलो. माझ्यामागून एकेक करत बाकीचे आले, सगळे मात्र नाही.

कॅप्टनचं नाव घासायला मला तीन दिवस लागले. आज सगळ्यांत वर लायमन प्रूइट आहे, आणि डॉर्कस चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर बसते.

सप्टेंबरात मी कॅप्टनचं नाव पुन्हा लिहिलं, या खेपेला मताच्या चिठ्ठीवर, ठळक अक्षरांत. तो बावीस मतांनी पडला.