वामनरावांचा उभा ओटा

आर्किटेक्ट श्री. वामनराव टिपणीस यांना मी पहिल्यांदा भेटले ती ठाण्यातल्या त्यांच्या कचेरीत, स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी. मी चित्रकलेच्या परीक्षा दिलेली, नुकतीच लग्न होऊन डोंबिवलीत आलेली. नकाशांचे ट्रेसिंग करायला माणूस हवे आहे असे ऐकून गेले होते. टेबलावर एका इमारतीचा नकाशा पसरलेला होता. कमानी नाहीत, नक्षी नाही. सरळ रेषा, सपाट गच्ची आणि भिंतभर खिडक्या. असे घर मी आयुष्यात पाहिले नव्हते. नोकरीचे बोलायचे राहून गेले आणि मी नकाशाच पाहत बसले. वामनराव म्हणाले, "आवडलेलं दिसतंय. उद्यापासून या."

त्या कचेरीतले ते दिवस आठवले की आजही अंगात उत्साह संचारतो. देश नवा होता, सिमेंट काँक्रीट आम्हांला नवे होते, आणि सामान्य माणसाच्या घरातही उजेड खेळला पाहिजे, ही वामनरावांची तळमळ आमच्यात भिनली होती.

डोंबिवलीतल्या कारकून आणि शिक्षक मंडळींनी घरांसाठी सहकारी संस्था काढली आणि काम आमच्याकडे आले. स्वयंपाकघर ट्रेस करताना माझा हात थांबला. वामनरावांनी विचारले, "काय झालं?"

"साहेब, बाई खाली चुलीपाशी बसणार आणि वारा तिच्या डोक्यावरून जाणार."

"म्हणजे खिडकी खाली आणायची?"

"किंवा बाईला उभं करायचं," मी बोलून गेले आणि घाबरले.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "किती उंचीवर?" मी कमरेच्या जरा खाली, भिंतीवर तळहात टेकवला. त्यांनी टेप आणून उंची मोजली. दुसऱ्या दिवशी नकाशात उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा होता आणि खाली त्यांच्या नावाशेजारी माझे नाव. हाताखालच्या माणसाचे श्रेय असे उघडपणे देणारे वरिष्ठ मला पुढे फारसे भेटले नाहीत.

संस्थेच्या सभेत मात्र गहजब झाला. अध्यक्ष होते निवृत्त हेडमास्तर परांजपे. ते म्हणाले, "उभ्यानं स्वयंपाक खानावळीतले आचारी करतात. आणि ही इमारत आहे की खोकं?" दुसरा आर्किटेक्ट नेमावा, असा ठरावच कोणीतरी पुढे केला. आमचे दीड वर्षाचे काम पाण्यात जाणार होते. वामनरावांनी वाद घातला नाही. फक्त आठ दिवस मागून घेतले.

त्या आठ दिवसांत त्यांनी मोकळ्या प्लॉटवर चुन्याने एका घराच्या खोल्या खऱ्या मापात आखल्या. स्वयंपाकघराच्या जागी ताडपत्रीखाली विटांचा ओटा बांधला, त्यावर पेटती शेगडी ठेवली आणि रविवारी सभासदांना सहकुटुंब बोलावले. कणिक मी घरून मळून नेली होती. बराच वेळ कोणी पुढे येईना. अखेर परांजप्यांच्या पत्नी इंदिराबाई आल्या, पदर खोचला आणि पोळ्या लाटू लागल्या. पहिली पोळी टम्म फुगली. पाचसहा झाल्यावर त्यांनी यजमानांकडे पाहिले. "अहो, पाच वर्षं झाली, मी चुलीपासून उठते ती भिंतीला धरून. तुमच्या कधी लक्षात आलं नाही का?"

पुढच्या सभेत नकाशा मंजूर करण्याची सूचना मास्तरांनी स्वतःच मांडली.

इमारत उभी राहिली आणि दुसऱ्याच पावसाळ्यात वरचा मजला गळू लागला. बिनछज्ज्याच्या खिडक्यांतून अंथरुणे भिजली. वामनराव घरोघर फिरले, ओल स्वतः पाहिली आणि सभेत उभे राहून म्हणाले, "चूक माझी आहे. गच्ची मी पुस्तकात पाहिली आणि इथल्या पावसाला विचारलं नाही." गच्चीला उतार आणि खिडक्यांवर खोल छज्जे होईपर्यंत ते रोज डोंबिवलीला येत होते. त्यानंतर छज्ज्याविना एकही नकाशा कचेरीबाहेर गेला नाही. नव्याची हौस असावी, पण जागेचे ऐकावे, हा धडा त्यांनी आम्हांला स्वतःच्या चुकीवरून दिला.

आता कल्याणपर्यंत कुठेही नवी चाळ किंवा बंगला बांधला जात असला की मी डोकावते. वामनरावांचे नावही ठाऊक नसलेले गवंडी लांब छज्जे ओततात, सरळ जिने चढवतात आणि स्वयंपाकघरात न सांगता ओटा बांधतात. ते पाहून मला जो आनंद होतो, तो या लेखात मावणार नाही.

गेल्या महिन्यात माजिवड्याजवळ एका नियोजित शाळेची जागा पाहायला आम्ही गेलो होतो. साठी पूर्ण करणारे वामनराव गवतातून माझ्यापुढे झपाझप चालत होते आणि वर्गांना दोन्ही बाजूंनी उजेड कसा द्यायचा ते सांगत होते. माझी प्रार्थना एवढीच, की या शाळेतून शिकून गेलेल्या मुलांनी मोठेपणी आपापल्या घरांच्या नकाशांवरून त्यांच्याशी कडकडून वाद घालावा, आणि तो ऐकून घ्यायला वामनराव तेव्हाही असेच ठणठणीत असावेत.