म्हैस थांबते तेव्हा

सत्तरच्या दशकातली गोष्ट. धाप लागण्याविषयीची इंग्रजी प्रश्नावली मी मराठीत केली होती आणि कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात रुग्णांना वाचून दाखवत होतो. बाकड्यावर उचगावचा एक म्हातारा होता. रोज म्हैस मंगळवार पेठेत आणून गिऱ्हाइकाच्या दारात धार काढणारा. बोलतानाही त्याची बोटं धार काढल्यासारखी हलायची.

“मामा, तुमच्या वयाच्या माणसांबरोबर चालताना धाप लागते?”

“माझ्या वयाचं कोण उरलंय, पावणं? म्हशीबरोबर इचारा की!”

“बरं, म्हैस पुढं निघून जाते?”

“न्हाय.”

मी खुशीत ‘नाही’वर खूण केली.

तोही खुशीत हसला. “लई गुणाची हाय. मी दम खाईस्तवर थांबती की वाटंत!”

मी आधी ती खूण खोडली, मग माझा प्रश्न.