ओलोक्सोयच्या घराचं दार

लेना नदीला तिच्या काठावरच्या गावांत सगळे आजीच म्हणतात. तिला लोणी लावलेले घावन अर्पण करतात, आणि मे महिन्यात पात्रावर गोठलेला बर्फ फुटला की हीच आजी गावावर चालून येते.

ओग्दो गोठ्यात दूध काढायची. रुंद खांद्यांची, तोंडानं फटकळ विधवा. बर्फ फुटायच्या सुमारास घरोघरी जाऊन, शिव्या घालून तयारी करून घेणं तिनं आपणहून अंगावर घेतलेलं. गाई टेकडीवर, होडी दाराशी, आणि पाणी आलं की दारं-खिडक्या सताड उघड्या. बंद लाकडी घर पाण्यावर उचललं जातं. आत पाणी घेतलं की जड होऊन जागेवर बसतं. चिखल काय, उपसता येतो.

एका वर्षी नदीच्या खालच्या वळणावर बर्फ अडला आणि पाणी झपाट्यानं चढलं. ओग्दोच्या घरात तिची लुळी सासू माळ्यावरच अडकली. प्रवाहाच्या वरच्या अंगाला धाकट्या दिराचं, ओलोक्सोयचं नवंकोरं घर. त्या शहाण्यानं दारं-खिडक्यांच्या फटी बुजवून सगळं घट्ट बंद केलेलं. आत नवा सोफा होता ना!

ओग्दो कुऱ्हाड घेऊन होडीतून तिथं पोचली, तेव्हा घराचा एक कोपरा करकरत उचलत होता. पायरीवर ओलोक्सोय वल्हं धरून उभा.

"दार उघड, मुडद्या! हे सुटलं तर थेट तुझ्या आईवर जाऊन आदळेल."

"वहिनी, दाराला हात लावलास तर हात मोडीन."

"मोड. दुसऱ्यानं फोडते."

तिनं खिडकी फोडली. त्यानं वल्हं तिच्या तोंडावर हाणलं. जबडा मोडला, दात रक्तासकट पाण्यात पडले. तिनं दुसरी खिडकी फोडली. त्यानं केस धरून तिला ओढलं, पाठीत लाथा घातल्या. ती दारावर घाव घालत राहिली. दार फुटलं, पाणी धबाधबा आत शिरलं आणि घर खाली बसलं.

मागून बर्फ आला. त्यानं कोठारं चिरडली, गोठे भुईसपाट केले, मागे राहिलेला एक घोडा जिवंत भरडला. ओलोक्सोयचं घर मात्र हललं नाही. म्हातारी वाचली.

पाणी ओसरल्यावर तो आईला बघायला आला. तिनं माळ्याच्या झरोक्यातून सगळं पाहिलं होतं.

"कुठल्या हातानं मारलंस हिला?"

त्यानं उजवा हात पाठीमागे नेला.

"त्याच हातानं भरव. जबडा सांधेपर्यंत."

गाव चिखल उपसत होतं, आणि ओलोक्सोय रोज ओग्दोला चमच्यानं माशाचं सार पाजत होता. ती त्याच्यावरची नजर न काढता गिळायची.

पुढच्या मे महिन्यात गावात सगळ्यात आधी त्याचं दार उघडलं. खिडक्याही सताड उघड्या. ओग्दोनं येऊन सगळं नीट पाहिलं आणि जाता जाता कुऱ्हाडीनं एक काच फोडलीच.