तेन्रीला हजचं बोलावणं

काबा आपल्याला दिसणारच नाही, या धास्तीने तेन्री हजला गेली नाही, ही कुजबुज सेंगकांगच्या विणकर गल्लीत सुरू झाली ती नुकतीच हज करून हाज्जा झालेल्या मारवाच्या घराखाली. घर खांबांवर, खाली गार सावली, आणि सावलीत बायकांना हातातलं काम सोडून सगळं सुचतं. पापी माणसाला काबा दिसत नाही म्हणतात. मग तेन्रीचं पाप कुठलं? कुणी रंगाऱ्याचं नाव घेतलं, कुणी मासळीवाल्याचं. तेन्रीच्या तरुणपणी तो मासळीवाला बिचारा जन्मलाही नव्हता!

मारवा आणि तेन्रीने एकाच दिवशी पैसे भरून हजच्या रांगेत नाव घातलं होतं. आमच्याकडची रांग अशी, की नाव घालताना केस काळे असतात. रेशमी लुंग्या विणून, पोटाला चिमटा काढून तेन्रीने ते पैसे साठवले होते.

मग महामारीत बाजार बसला. आधी बांगड्या गेल्या, मग मागही.

"बँकेचं कर्ज काढू," नवरा अंबो साक्का म्हणाला.

"व्याजाचा घास घशाखाली उतरेल तुमच्या?"

"उतरेल की! कालपासून दुसरं काय उतरलंय?"

तेन्री इमामसाहेबांकडे गेली. "हजचे पैसे मोडले तर गुन्हा होईल का?"

"छे गं! घरचं पोट आधी. ज्याची ऐपत, त्याच्यावर हज. तुझ्यावर तो फर्जच नाही."

"कधीपासून नाही?"

"पहिल्यापासूनच म्हण ना," इमामसाहेब मायेने म्हणाले. तेन्री तिथेच पायरीवर बसली. एवढी वर्षं मारलेली भूक कुणी मागितलीच नव्हती.

हजच्या कचेरीतला कारकून म्हणाला, "आजी, पैसे काढलेत तर नाव पुन्हा रांगेच्या शेवटी."

"शेवट कुठे आला, बाळा?"

त्याने तिच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

पुढे मारवाचा नंबर लागला. जोडीने नाव घातलेलं, म्हणजे तेन्रीलाही बोलावणं आलंच असणार, असं गल्ली धरून चालली. मारवा हाज्जांची जरीची टोपी मिरवत परत आली, ती थेट तेन्रीचा जिना चढून.

"खरं सांग गं, घाबरलीस ना?"

तेन्री तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हो, घाबरले."

बोलावणं आलं होतं, एवढं तरी लोकांनी आपल्या नावावर ठेवावं, असं तिला वाटलं.

बोलावणं आलंच नव्हतं. पैसे तिने आधीच काढले होते. त्यांचा तांदूळ आणला, आणि तो खाऊन संपला.