जांभळा की राखी

नवेगाव बांधच्या तलावाला लागून आमचं धानाचं शेत आहे. तिथे दोन जातींचे मोठे बगळे येतात, राखी आणि जांभळा. लांबून दोन्ही सारखेच काळपट दिसतात. जवळून पाहिलं तर राखीची मान पांढुरकी, जांभळ्याची बारीक, तांबूस, काळ्या रेघांची. लहानपणी बाबा मला बांधावर उभं करून विचारायचे, "सांग, कोनता?" चुकलं की खो खो हसायचे. मला हसलेलं अजून खपत नाही.

गेल्या हिवाळ्यात आमगावहून माहेरी गेले, तेव्हा मीच त्यांना विचारलं.

"जांभळा," बाबा ऐटीत म्हणाले.

समोर होता राखी, पाणगवतात शिरलेला. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. जांभळा सहसा गवतात लपतो, राखी उघड्या पाण्यात उभा राहतो. बाबांना पक्षी दिसतच नव्हता, जागा पाहून ते ठोकून देत होते.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. शेजारीच राहणाऱ्या माझ्या भावानं फर्मान काढलं, बाबांनी एकट्यानं पाण्याकडे जायचं नाही, शेती ठेक्यानं देऊन टाकू.

"मंग मी घरी बसून का करू?" बाबांचा चेहरा इतकुसा झाला. मला भावाचा भयंकर राग आला. पण भीती माझ्याही पोटात होतीच. म्हटलं, आधी ऑपरेशन होऊ दे, मग ठरवू.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. उन्हाळी धान हिरवंगार असताना एका सकाळी आम्ही तिघं बांधावर गेलो. दूर उघड्या पाण्यात एक बगळा उभा होता.

"सांगा बाबा, कोनता?" भावानं विचारलं.

बाबांनी बराच वेळ पाहिलं. "जांभळा."

मला वाटलं, बाबा चुकले. उघड्यावर आहे म्हणजे राखीच असणार.

"पाह्य, मी म्हनलो होतो ना," भाऊ मला म्हणाला.

बाबा खवळले. "मान पाह्य ना वं! तांबडी दिसून राहिली!"

आम्ही बांधावरून पुढे गेलो. मान तांबूसच होती, काळ्या रेघांसकट. जागा पाहून ठोकून देणारे या वेळी आम्ही दोघं होतो.

बाबा खो खो हसले. "शेती ठेक्यानं कायले देता? तुमचेच डोळे दाखवा डाक्टरले!"

भावानं खांद्यावरचं फावडं त्यांच्या हातात दिलं. बाबा एकटेच बांधावरून पाणी वळवायला निघाले, अजून हसतच. त्या दिवशी मला ते हसणं खपलं.