खडीसाखर कुणाला?

जेवण जरा जास्तच झालंय. शनिवारची दुपार, पंखा घरघरतोय, आणि मी फोन पोटावर ठेवून कॉटवर आडवी झालेय. संध्याकाळच्या बैठकीची लिंक आत्ताच ग्रुपवर टाकली. कुणी साधा अंगठासुद्धा दाखवलेला नाही. झोपले असतील मेले सगळे, असं म्हणता म्हणता माझेच डोळे मिटायला लागलेत.

आमच्या मंडळाची रीत तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. गडहिंग्लजला वाचनालयाच्या माडीवर आम्ही लिहिणारी माणसं जमायचो. ज्याचं वाचून झालं, त्यानं पुढच्या वाचणाऱ्याच्या हातावर खडीसाखरेचा खडा ठेवायचा. घसा ओला राहावा म्हणून. खडीसाखर मंडळातल्याच अण्णा नेसरीकरांच्या किराणा दुकानातली, मधोमध सुती दोरा असलेली. मग कुणी पुण्याला गेलं, कुणी बेंगळूरला, कुणाचे गुडघे जिना चढेनात. शेवटी मी सगळ्यांना फोनच्या पडद्यावर गोळा केलं. खडा हातावर देता येईना, तर नुसतं म्हणायचं, "खडीसाखर अमक्याला." की पुढच्या शनिवारी वाचन त्याचं.

अशाच एका शनिवारी अण्णांनी आपलं वाचन संपवलं, चष्मा काढला, म्हणाले, "आता खडीसाखर..." आणि थांबले. तोंड उघडं. "अण्णा, नेट गेलं तुमचं!" म्हणून आम्ही हसलो. नेट गेलं नव्हतं. त्यांच्या मागं भिंतीवरचं कॅलेंडर वाऱ्यानं हलत होतं.

तेव्हापासून कुणी वाचायला तयार नाही. सगळी शिकलीसवरलेली, पण जाताना अण्णांच्या जिभेवर कुणाचं नाव होतं, म्हणजे पुढचा नंबर कुणाचा, या विचारानं साऱ्यांची पाचावर धारण बसलीय. बैठकीत येतात, हवापाण्याचं बोलतात, निघून जातात. आज कुणी वाचलं नाही तर मंडळ बंद, असं मी लिंकखाली लिहूनच टाकलंय. रागानं लिहिलं खरं, पण माझा जीव आहे हो त्या मंडळात. आमचे हे गेल्यावर त्या शनिवारांनीच मला उभं ठेवलं.

पोटावरचा फोन थरथरतो.

"शालन, आवाज येतोय न्हवं?"

अण्णा चौकटीत बसलेत. मागं तेच कॅलेंडर.

"येतोय. पण तुम्ही हलत नाही."

"मी कशाला हलू? तूच ये की."

मी दुकानाच्या फळीशी उभी आहे. पायात चपला नाहीत. डब्यांवर तूर, मूग, गूळ असं काही लिहिलेलं नाही, आमची नावं आहेत. अण्णा एकेक झाकण उघडतात, आतला वास घेतात, परत लावतात.

"बरे आहात ना?" मी विचारते. मेलेल्या माणसाला आणखी काय विचारणार?

"कसला बरा? अडकून पडलोय. नाव सांगायचं ऱ्हायलं. ते सांगितल्याबिगर पुढं जाता येईना."

"आता कशाला नाव, अण्णा?"

"मंडळ चालवायचंय न्हवं तुला?"

"चालवायचंय की."

"मग घेऊ दे."

ते फळीवरून वाकतात. फळी कुठली, ती एसटी स्टँडवरची माझी खिडकी आहे. नोकरीभर इथून मी गाड्या पुकारल्या. माइक मात्र अण्णांच्या हातात आहे. फलाटावर एकच गाडी लागलीय, आत दिवा नाही, पाटी कोरी. समोर मंडळातली माणसं ओळीनं बसलीत, जो तो आपापल्या फोनकडे बघत. सगळ्यांत पुढं तनुजा. ही आमची बेंगळूरची पोर, मंडळात सगळ्यांत गुणी. सातवा महिना लागलाय तिला. पोटावर हात ठेवून बसलीय.

अण्णा माइकवर फुंकतात. फुंकर स्टँडभर घुमत राहते.

"खडीसाखर..."

त्यांची जीभ वरच्या दातांना टेकते. कुठलं अक्षर येणार ते मला कळतं.

"नको! अण्णा, नको!" मी त्यांच्या तोंडावर हात दाबते. ओठ गार आहेत, चिकट आहेत. "त्या पोरीचं नाव घेतलंत तर बघा! मी वाचते. मला द्या."

"तू लिवलंयस काय?" ते माझ्या बोटांमधून बोलतात.

"एक ओळ नाही."

"मग?"

"ते माझं मी बघेन. द्या म्हणते ना!"

ते माझ्याकडे बघत राहतात. घाबरलेय मी, खोटं कशाला बोलू? जिवंतपणी या माणसानं कधी कुणाला दुखवलं नाही. आता त्यांच्या डोळ्यांत माझी ओळखसुद्धा नाही. त्यांना एक नाव हवंय, एवढंच. कुणाचंही चालेल.

"खडीसाखर शालनला."

फलाटावरचे सगळे माना वर करून टाळ्या वाजवतात. आवाज येत नाही. अण्णा माझ्या जिभेवर खडा ठेवतात.

"चावू नको. विरघळू दे," म्हणतात, आणि गाडीकडे चालू लागतात. चढताना मागं वळून बघत नाहीत. गाडी हलते, आणि फलाटावरची माणसं पुन्हा आपापल्या फोनमध्ये डोकं घालतात.

जाग येते तेव्हा उशी घामानं भिजलीय. तोंड गोड आहे. जेवणात गोड काही नव्हतं, मला शुगर आहे, घरात साखर येत नाही. दाढेत काहीतरी अडकलंय. बोटानं ओढते तर पांढरा सुती दोरा निघतो. ओला.

तो तसाच हातात धरून मी ग्रुपवर लिहिते, "आज मी वाचतेय. सगळ्यांनी यायचं." क्षणभर काही नाही, आणि मग अंगठे यायला लागतात, एकामागून एक. टाळ्या, फुलं, "अखेर!", "जिंकलंत ताई!" मंडळ वाचलं. मला रडूच फुटतं.

डोळे पुसते तोवर तनुजाचा निरोप येतो.

"वा ताई! मी कधीची गोष्ट लिहून बसलेय. तुमचं झालं की खडीसाखर मलाच. दुसऱ्या कुणाचं नाव घेतलंत तर बघा!"