आवाज भरायचे अकरा दिवस

आमच्या भिसेगावातल्या घराच्या मागच्या खोलीत मी दुपारी धडे वाचत बसते. शाळेतून निवृत्त झाल्यावर हे काम धरलं. ज्या मुलांना दिसत नाही त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. सामान थोडंच आहे: एक माईक, एक जुना लॅपटॉप आणि दोघांच्या मधली, ऑडिओ इंटरफेस म्हणतात ती पत्र्याची डबी. माईकचा आवाज ती लॅपटॉपला समजेल असा करून देते. मला तिच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं आणि ती नीट चालत होती तोवर तेवढं पुरेसं होतं.

समोरच्या घरातले दादा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. उमेदीची बरीच वर्षं त्यांनी घाटात, ठाकुरवाडीला काढली. मागच्या उन्हाळ्यात त्यांचा आवाज बसला तो उठेचना. गरम पाणी, हळद, ज्येष्ठमध सगळं झालं आणि मग मुंबईच्या डॉक्टरांनी निदान सांगितलं. स्वरयंत्रात गाठ होती, पसरायच्या आत सगळं स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. ऑपरेशनची तारीख मिळाली त्याच संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या त्या डबीत माजा आवाज भरून ठेवता येल का? ऑपरेशनला अकरा दिवस हायेत."

मी म्हटलं, उद्या सकाळीच या. सकाळी त्यांचा आवाज जरा मोकळा असायचा, दुपारनंतर नुसती घरघर उरायची.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून आले. मी माईक लावला, हेडफोन चढवला आणि कानात घूंऽऽ असा आवाज भरला. दूर कुठेतरी पिठाची गिरणी चालू असावी तसा. दादा बोलले, पण त्यांचं ते दबलेलं बोलणं त्या घूंमध्ये बुडून गेलं. माझ्या मोठ्या आवाजात कदाचित ते खपून गेलं असतं. त्यांच्या आवाजात नाही.

मी दीड महिना मुलीकडे होते, तेवढ्यात डबी बिघडली असं मी धरून चालले. केबल बदलली. माईक बदलून पाहिला. पंखा, फ्रीज, ट्यूबलाइट एकेक करून बंद केलं. डबीचा आवाज कमी केला की घूं कमी व्हायची आणि दादाही कमी व्हायचे. लॅपटॉपचा चार्जर काढला तेव्हा मात्र एकदम शांत झालं. मला हायसं वाटलं. पण बॅटरी इतकी जुनी की सहा-सात मिनिटांत लॅपटॉपच झोपला. पुन्हा चार्जर, पुन्हा घूं. मग नवा चार्जर मागवला, तो यायला तीन दिवस गेले आणि त्यालाही तेवढीच घूं.

दादा रोज सकाळी येत. मी रोज म्हणे, उद्या होईल. ते मान हलवून जात. पाचव्या दिवशी त्यांचा आवाज आदल्या दिवसापेक्षा खाली गेला होता. ते माझ्याही कानांना कळलं आणि त्यांनाही कळलं असणार. त्या दिवशी मी जेवले नाही. एवढी पुस्तकं रेकॉर्ड केलेली बाई, आणि एका माणसाची गरज पडली तेव्हा माझ्याच्यानं काही होईना.

सहाव्या दिवशी सगळं सामान पिशवीत घालून मिनीडोअर रिक्षानं चौक गावाला गेले. तिथे हायवेला लागून गॅरेजांच्या रांगेत एकजण लग्नाबिग्नाचे स्पीकर दुरुस्त करतो. त्यानं माझी डबी, माझाच चार्जर, माझाच लॅपटॉप त्याच्या बोर्डाला लावला. आवाज काचेसारखा स्वच्छ. बाहेर ट्रक चाललेले, तेही वेगवेगळे ऐकू येत होते. तो म्हणाला, डबीला काही झालेलं नाही, दोष तुमच्या घरात आहे.

परत आल्यावर मी हे दादांना सांगितलं. बोलता बोलता असंही सांगितलं की घरी डबीच्या पत्र्याला हात लावला की बोटांना बारीक मुंग्या येतात आणि घूंचा सूर बदलतो. दादांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"हे आधी का नाय सांगितलं?"

मला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. त्यांनी घरून एक बल्ब आणला, होल्डरला दोन वायरी जोडलेला. आधी तो बोर्डाच्या दोन खालच्या भोकांत लावून दाखवला, लख्ख पेटला. मग एक वायर वरच्या मोठ्या भोकात, अर्थिंगच्या. बल्ब मेला. चार्जरमधून झिरपणाऱ्या विजेला जमिनीत जायला वाटच नाही, म्हणून ती तुमच्या डबीत गुणगुणते, असं त्यांनी समजावलं. बोलताना दोनदा थांबून घोट घ्यावा लागला, पण डोळे चमकत होते. सिग्नलच्या खोल्यांमध्ये अर्थिंग तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. उन्हाळ्यात जमीन सुकते म्हणून अर्थिंगची वायर जिथे जमिनीत उतरते त्या प्रत्येक खड्ड्यात ते बादलीनं पाणी घालत फिरायचे.

"तुमच्या घराचा अर्थिंगचा खड्डा कुटं हाय?"

मला नेमकी जागा सांगता येईना. खड्डा मागच्या अंगणात होता, आणि मी मुलीकडे असताना तिथेच नव्या लाद्या बसवून घेतल्या होत्या. दादांनी भिंतीवरून उतरणारी वायर शोधली, तिचा माग धरत एका लादीपाशी थांबले आणि पहार मागितली. मी म्हटलं, गवंड्याला बोलावू. त्यांनी ऐकलं नाही. मेन स्विच स्वतःच्या हातानं बंद करून आले आणि लादी उचकटली.

वायर खालीच होती, लाद्या बसवताना कुणाच्या तरी फावड्यानं तुटलेली. वेगळं झालेलं टोक मातीत पडलं होतं.

एवढ्यात समोरून वहिनी आल्या. नवरा भर उन्हात खड्ड्यापाशी बसलेला पाहून त्यांचा संताप झाला. ऑपरेशनच्या तोंडावर हे कसले धंदे, असं त्या त्यांना नाही, मला म्हणाल्या. आठवडाभर त्या माझ्याशी तुटक वागत होत्या. माणूस घरात असताना त्याचा आवाज डबीत भरायचा म्हणजे तो गेल्यासारखंच, असं त्यांना वाटत होतं, हे मला दुसऱ्याकडून कळलं होतं. दादांनी खड्ड्यातूनच हात वर केला आणि पॉलिश पेपर मागितला. मी आत जाऊन तो आणला. वहिनींनी तो माझ्याकडून घेतला आणि दादांच्या हातात दिला. परत जाताना पदरानं त्यांच्या मानेवरचा घाम टिपला.

दादांनी तांब्याचं टोक घासून चकचकीत केलं, नट-बोल्टनं आवळलं आणि जुन्या सवयीनं वर दोन बादल्या पाणी ओतलं. मेन स्विच चालू करून बल्बची वायर पुन्हा अर्थिंगच्या भोकात घातली. बल्ब पेटला. मी हेडफोन लावला. आत काहीच नव्हतं. इतकं काहीच नव्हतं की मला माझाच श्वास ऐकू आला. मी हेडफोन दादांना दिला. ते बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिले.

पाच सकाळी उरल्या होत्या. पहिल्या सकाळी त्यांनी वहीत लिहून आणलेलं वाचलं. पेन्शनचे कागद कुठे आहेत, बोअरचा पंप अडला तर काय करायचं, स्वतःच्या मुलीला दोन शब्द. फलाटावरच्या सूचनेसारखं वाचत होते. त्यांनाही ते आवडलं नाही. मी वही बाजूला ठेवायला लावली आणि समोर जाऊन वहिनींना म्हटलं, तुम्ही नुसतं त्यांच्यापुढे बसा, बोलू नका हवं तर. त्या नको म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी आपण होऊन आल्या आणि दाराशी स्टुलावर बसल्या.

दादा त्यांच्याकडे बघून ठाकुरवाडीच्या क्वार्टरबद्दल बोलू लागले. लग्न होऊन आल्यावर ही पहिल्या दिवशी कशी रडली, माकडानं तव्यावरची भाकरी कशी पळवली.

"मी रडले नवते," वहिनी म्हणाल्या. "धूर व्हता चुलीचा."

"बरं, धूर व्हता," दादा म्हणाले आणि हसले. हसण्याचा खोकला झाला. पाणी प्यायले. मग माईककडे सरकून त्यांनी सांगितलं की चाळीस वर्षांत हिला कधी नावानं हाक मारली नाही, घरात तशी रीतच नव्हती, अगं म्हटलं की भागायचं. मग त्यांनी वहिनींचं नाव घेतलं. एकदा घेतलं, आवाज फाटला म्हणून थांबले, आणि पुन्हा नीट घेतलं.

वहिनींनी खाली बघत पदर सारखा केला. गॅसवर दूध आहे म्हणून उठल्या आणि गेल्या. मी रेकॉर्डिंग बंद केलं नाही.

ऑपरेशन झालं. दादा महिन्याभरानं घरी आले, गळ्याला पट्टी, खिशात लहान वही. सुरुवातीला कुणाकडे बघत नसत. लोक त्यांच्याशी मोठ्यानं बोलत, जणू त्यांचे कानही गेले होते, आणि त्याचा त्यांना फार राग येई. रेकॉर्डिंग वहिनींच्या फोनवर आहे. ऐकता का, असं मी एकदाच विचारलं. ऐकते कदीमदी, एवढंच म्हणाल्या, आणि दुसरा विषय काढला.

श्रावणात एका दुपारी दादा मागच्या खोलीच्या दारात आले आणि हेडफोनकडे बोट दाखवलं. मी दिला. तेव्हापासून मी धडा वाचते आणि ते समोर बसून ऐकतात. रिक्षा गेली, कावळा ओरडला, मी शब्द गिळला, की त्यांचं बोट वर होतं. मी थांबते आणि ती ओळ पुन्हा वाचते.

परवा सातवीच्या भूगोलात सह्याद्रीचा धडा होता. घाटातल्या रेल्वेबद्दल दोनच ओळी होत्या. त्यांनी बोट वर केलं. मी म्हटलं, काय चुकलं? त्यांनी वहीत लिहून दाखवलं, चुकलं काहीच नाही, परत वाचा. मी परत वाचल्या.